वाटून घेतलेल्या महालक्ष्म्या

माझी नात वकील आहे. गेल्या वर्षी ती मध्यस्थीचं प्रशिक्षण घेऊन आली आणि जेवता जेवता मला समजावून सांगू लागली. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये तिसऱ्याने बसायचं, पण निकाल द्यायचा नाही. एकाने एकट्यात सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही. कोण खरं आणि कोण खोटं हे उकरत बसण्यापेक्षा प्रत्येकाला नेमकं हवं काय ते काढून घ्यायचं, आणि तोडगा त्यांच्याच तोंडून येऊ द्यायचा. मी सगळं ऐकून घेतलं आणि तिला म्हटलं, बाई, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं, तेही गालात सुपारी कोंबून. तिला वाटलं आजी थट्टा करते आहे. थट्टेची खोड मला आहेच, पण ही हकिगत खरी आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर सोनाळ्याचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. सासर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला, अमडापूरजवळच्या खेड्यात. सोनाळ्याकडच्या पोरी फटकळ असतात असं सासरी कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी त्या माणसाला खोटं पडू दिलं नाही. पदर डोक्यावरून ढळू द्यायचा नाही आणि मनातलं मनात ठेवायचं नाही, अशी माझी राहणी होती.

मी गेले तेव्हा घर एकत्र होतं. सासरे थोरले, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे धाकटे मामाजी, दोघांच्या बायका, आणि सगळ्यांची एकच चूल. या दोघींना मी थोरल्या सासूबाई आणि धाकट्या सासूबाई म्हणत असे. पण माझ्या हातावरची मेंदी जेमतेम फिकी झाली असेल नसेल, तोच घर फाटलं. कारण काय, तर सासऱ्यांनी बाजारात जाऊन बैलजोडी बदलून आणली आणि धाकट्या भावाला विचारलं नाही. जोडी चांगली होती. ती चांगली होती हे धाकट्या मामाजींनाही मान्य होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला होता. एवढ्यावरून दोन माणसं वेगळी होतात का, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला वावरात काम आहे. त्या वर्षभर त्याला वावरात फार काम होतं.

वाटणीला गावातले पंच बसले. माणसं भली आणि न्यायाची इतकी पक्की, की त्यांनी पळ्यासुद्धा मोजून वाटल्या. वावर दोरीने मोजलं, ज्वारी पायलीने मोजली, घराच्या मधोमध भिंत घातली. गोठ्यात मात्र भिंत घातली तर बैल वळायला जागा उरेना, म्हणून गोठा तेवढा सामाईक राहिला. शेवटी देवघराची पाळी आली. तिथे महालक्ष्म्यांची पेटी होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दोन पितळी मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पंच दिवसभर बसून दमले होते, भुकेजले होते. थोरले पंच म्हणाले, “दोन हायेत ना? मंग एक-एक घ्या.”

आणि घेतल्या. सासऱ्यांना वाटलं, धाकटा म्हणेल, राहू द्या दोन्ही दादाजवळच. धाकट्याला वाटलं, दादा आपल्याला विचारेल तरी. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले आणि पंच पेटी उघडून मोकळे झाले. ज्येष्ठा आमच्याकडे आली, कनिष्ठा भिंतीपलीकडे गेली. पेटीतले दोघींच्या लेकरांचे छोटे मुखवटे तेवढे आपापल्या आईजवळ ठेवले, एवढी अक्कल पंचांनी दाखवली. मग पागोटी सारखी करून ते समाधानाने घरी गेले. मला हसू आवरेना. मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाले, तर तिथे थोरल्या सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. मग माझंही हसू गेलं.

आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. भाद्रपदात दोघी बहिणी मिळून माहेरी येतात, एक दिवस जेवतात आणि मिळून परत जातात. एकीला बसवायचं आणि दुसरी शेजारच्या घरात पेटीत, असं कोणी कुठे ऐकलेलं नव्हतं. आषाढ सरला, श्रावण लागला, तशी दोन्ही घरं दिवस मोजू लागली. पण मागायला कोणी जाईना. विहिरीवर दोघी जावा एकाच वेळी आल्या, तर एक बादली घेऊन माघारी वळत असे.

अखेर सासऱ्यांनी धोतर बदललं आणि वकिलाला विचारायला चिखलीची एसटी धरली. गाडीत चढतात तो पुढच्या बाकावर धाकटे मामाजी. तेही वकिलाकडेच निघालेले. दोघे अख्खी वाट दोन खिडक्यांतून दोन बाजूंचा कापूस पाहत गेले. चिखलीत दोघांच्या मधली बहीण दिलेली होती. त्यांना घरात सगळे आत्याबाई म्हणत. चिखलीला गेलं आणि तिच्याकडे जेवलं नाही, असं कधी झालेलं नव्हतं, त्यामुळे दोघेही आपापला वकील आटोपून तिच्याच दारात हजर. आत्याबाईंनी दोघांना शेजारी शेजारी पाट मांडले, भाकरी वाढली, आणि मग विचारलं, “काऊन रे दादा, काऊन रे लहान्या, कोर्टाचं काय काढलं?”

दोन्ही वकिलांनी सांगितलेलं एकच होतं. खटला उभा राहील, वर्षानुवर्षं चालेल, आणि वादातली वस्तू म्हणून दोन्ही मुखवटे निकालापर्यंत कोर्टात जमा करावे लागतील. हे सांगताना सासऱ्यांचा घास हातातच राहिला होता म्हणे. ऐन भाद्रपदात महालक्ष्म्या कुलूपबंद कपाटात, ना हळद ना कुंकू, हे चित्र दोघांनाही सोसेना. पण माघारही घेववेना.

पोळ्याच्या आधी आत्याबाई स्वतः आल्या. गाडीतून उतरल्या त्या सरळ विहिरीवर, कारण कोणाच्या दारात पाय ठेवायचा हेच त्यांना ठरवता येईना. मला तिथे बोलावून घेतलं. आत्याबाईंचे आईवडील केव्हाच गेले होते. सासरी मोठं खटलं, दुकानाचा राबता, आल्यागेल्याचं करता करता दिवस मावळायचा. महालक्ष्म्यांचा सण तेवढा त्यांचा स्वतःचा, आणि तो त्यांनी कधी चुकवला नव्हता.

“मी आता कोन्या दारात उतरू?” त्या म्हणाल्या. “दादाच्या उतरली त लहान्या तोंड फिरवते. लहान्याच्या उतरली त दादा. लक्ष्म्या एका जागी नाही बसल्या ना माय, त मी यंदा नाही येणार. यंदाच काय, मंग कधीच नाही. मले माहेर म्हणून जागाच नाही उरली.”

त्या रडल्या नाहीत. दोराने बादली वर घेतली आणि तोंडावर पाणी मारलं. मला मात्र सोनाळ्याची इतकी आठवण आली, की मीच डोळे पुसले.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हटलं, तुम्हीच दोघांना समोर बसवून खडसवा ना. त्यांनी मान हलवली. “माह्या त जीवच अडकला हाये याच्यात. मी मधात बसली त मले पाह्यजे तेच करून घेईन. तू कालची आलेली. तुले ना वावर पाह्यजे, ना लक्ष्मी. तू बस मधात.”

मी म्हटलं, मी तर थोरल्या घरची सून, माझी बाजू आधीच ठरलेली. “हाव, म्हणून पह्यले धाकटीकडे जाजो, अन् तिले इचारजो, मी चालते का म्हणून. नाही म्हणली त वापस येजो.” मग त्यांनी बाकीचे नियम सांगितले. एकीचं दुसरीला सांगायचं नाही. कोणाचं चुकलं ते बोलायचं नाही. उपाय सुचला तरी गिळून टाकायचा. हे शेवटचं मला जमणार नाही हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण कनवटीची अख्खी सुपारी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. “हे गालात धर. हे हाये तोवर तुले बोलताच नाही येत.”

धाकट्या सासूबाईंनी मला दारातच न्याहाळलं. मी चालते का, विचारल्यावर म्हणाल्या, “ये. तुह्यं तोंड तिखट हाये, पण खोटं नाही.” मी सुपारी गालात सरकवली आणि बसले. पहिला बराच वेळ त्या बैलजोडीबद्दलच बोलत होत्या. माझ्या जिभेवर चार उत्तरं येऊन गेली आणि चारही सुपारीवर आपटून परत गेली. बैल संपले तेव्हा खरं निघालं. लक्ष्मी कोणाच्या घरात बसते याचं त्यांना काहीच नव्हतं. पण पुरण घालायला, सोळा भाज्या करायला, आंबील ढवळायला त्या घरात त्यांचाच हात. “त्या चुलीपुढे माह्ये केस पिकले. आता तिथं पाहुणी म्हणून पाटावर बसू? वाढा म्हणू? त्याच्यापेक्षा मी उपाशी बरी.” आणि मग, “हे तिकडे सांगजो नको.”

थोरल्या सासूबाई आधी देवाधर्माच्या रीतीवर बोलल्या. थोरल्याच्या घरी लक्ष्मी बसते, रीत ती रीत. मी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांना पुरण जमत नव्हतं. कधीच जमलं नव्हतं. मुखवटे सजवणं, फुलोरा बांधणं, साड्या नेसवणं ही त्यांची कामं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण सारा गाव जेवायला येणार आणि आंबिलीचा पहिला घोट घेऊन एकमेकांकडे पाहणार, या धसक्याने त्यांची झोप उडाली होती. “हे धाकटीले कळू देजो नको,” त्याही म्हणाल्या.

आता सांगा, माझी काय अवस्था झाली असेल. एका भिंतीच्या अलीकडे एक बाई चुलीसाठी झुरते आहे, पलीकडे दुसरी चुलीला भिऊन बसली आहे, आणि मधे मी, दोन्ही गाल सुजल्यासारखे करून. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच, गप्प बसण्याचं. पुढे गावात बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, सुनेच्या रुसव्यावरून कितीतरी बाया माझ्याकडे आल्या, मी कितीदा मधे बसले, पण तेवढं अवघड पुन्हा कधी वाटलं नाही.

पुरुषांशी आत्याबाईंच्या सोबतीने बोलले, पदराआडून. सासरे म्हणाले, “थोरल्याच्या घरातून लक्ष्मी गेली म्हणतीन लोक.” धाकटे मामाजी म्हणाले, “मी मांगायले जाणार नाही. आजवर दादानं मले सांगतलं, इचारलं कधीच नाही.” ते एवढंच बोलले आणि तंबाखू मळत बसले.

बसायचं कुठे, हा प्रश्न राहिला. या घरात ते येईनात, त्या घरात हे. आत्याबाई म्हणाल्या, गोठ्यात बसा. पंचांच्या न्यायातून निसटलेली ती एकच जागा होती. मी शेण काढलं, गोणपाट अंथरले, आणि दुपारी चौघं येऊन बसली, दोघं एका दावणीला, दोघं दुसऱ्या. भांडणाचं मूळ असलेली ती जोडी दोघांच्या मधे उभी राहून निवांत रवंथ करत होती. आत्याबाई बाहेर थांबल्या. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, एकच प्रश्न विचार आणि थांब. मी सुपारी काढून हातात घेतली आणि विचारलं, “महालक्ष्म्यांच्या दिवशी तुम्हाला कुठं असावं वाटते, अन् काय करत असावं वाटते?”

माश्या हाकलायला बैलाने शेपूट मारली ती सासऱ्यांच्या पागोट्याला लागली, तरी ते हलले नाहीत. मला वाटलं, झालं, फसलं. मी सुपारी पुन्हा गालात टाकली, नाहीतर मी नक्की काहीतरी बोलले असते.

धाकट्या सासूबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, “मी पाहुणी म्हणून नाही येणार.”

“त पाहुणी म्हणून ये म्हणलं कोणं?” थोरल्या सासूबाई एकदम बोलून गेल्या. “तू नाही आली त पुरण कोण घालीन? माह्या हातानं होते का ते? तुले नाही माहीत?”

धाकट्या सासूबाईंनी मान वर केली. इतक्या वर्षांत हे थोरलीने कधी म्हटलं नसावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग थोरलीला हसू फुटलं, आणि दोघी तोंडावर पदर घेऊन अशा हसत सुटल्या की बैलांनी रवंथ थांबवला.

पुरुष अजून बसलेच होते. सासऱ्यांनी खाकरून घसा साफ केला. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. अखेर ते भावाकडे न पाहता म्हणाले, “तुले काय वाटते, लहान्या?”

झालं, एवढंच. त्यांनी ना चूक कबूल केली, ना काही सोडलं. पण धाकट्या मामाजींनी तंबाखूची चिमूट खाली टाकली, आणि इतके दिवस मनात घोळवलेलं असावं तसं सरळ सांगितलं. कनिष्ठा आता माझ्या घरची. ती पेटीतून गुपचूप नाही येणार. आवाहनाच्या दिवशी माझ्या दारातून वाजतगाजत निघेल आणि बहिणीला भेटायला दादाच्या घरी जाईल. तिच्यासोबत माझी बायको येईल आणि चुलीपाशी बसेल. पुढच्या वर्षी ज्येष्ठा आमच्याकडे येईल. “बहिणी-बहिणीच हायेत. येतीन जातीन.”

सासऱ्यांनी मांडीवरचं पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं आणि ते म्हणाले, “वाजंत्री मी सांगतो.” लगेच थांबले. “सांगू का?” त्यांनी विचारलं. धाकट्या मामाजींनी हो म्हणून मान डोलावली.

मी बाहेर येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाद्रपदात येते एवढं म्हणून त्या गाडीत बसल्या.

आवाहनाच्या दिवशी गल्लीत सडे पडले. दोन्ही दारांच्या मधे मी कुंकवाची पावलं काढली. वाट असेल जेमतेम बैलगाडीच्या लांबीची, पण डफडं असं वाजत होतं की लक्ष्मी चिखलीहून चालत आली असावी. धाकट्या सासूबाई नवी साडी नेसून कनिष्ठेचा मुखवटा छातीशी धरून निघाल्या. थोरल्या सासूबाई उंबऱ्यावर ज्येष्ठेला घेऊन उभ्या. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, कोण आलं, कुठून आलं, काय घेऊन आलं. धाकट्या सासूबाई म्हणाल्या, तुमची बहीण आली, शेजारून आली, सुख घेऊन आली. असं उत्तर त्या उंबऱ्यावर कोणी दिलेलं नव्हतं. गल्लीतल्या बाया हसल्या, ताटं वाजवू लागल्या. थोरल्या पंचांनाही बोलावलं होतं. आपण केलेली वाटणी शेवटी कशी बरोबर निघाली, हे ते येईल त्याला सांगत होते, आणि मी त्यांना सांगू दिलं.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी पूजेच्या सकाळी आल्या. दोन्ही भाऊ गाडीपाशी धावले. त्या कोणाच्याही दारात न थांबता कुंकवाच्या पावलांवरून आत गेल्या, दोघी बहिणींना शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं, नमस्कार केला, आणि स्वयंपाकघरात आल्या. तिथे नुसता गोंधळ होता. धाकट्या सासूबाई पुरण वाटत होत्या, थोरल्या त्यांना हाताखाली डाळ देत होत्या, मी आंबील ढवळत होते, शेजारच्या बाया भाज्या चिरत होत्या. चुलीचा धूर कोंदलेला. आत्याबाई म्हणाल्या, “सरका वं, मी काही करते.”

“तू काही नको करू,” थोरल्या सासूबाई म्हणाल्या. “बस.”

त्या पिठाच्या डब्याला टेकून बसल्या. मग डोक्याखाली हात घेऊन तिथेच, दोन भावजयांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, आडव्या झाल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला, आणि थोड्या वेळाने आम्हाला कळलं की त्यांना झोप लागली आहे. भर सकाळी, भर गोंधळात, सणाच्या दिवशी. भांडी आपटत होती, डफडं वाजत होतं, गावातली माणसं दारात येऊन ठेपली होती. त्यांच्या सासरी दिवसा पाठ टेकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, पुढेही नाही.

बाहेरून सासऱ्यांनी हाक मारली, “आमची बहीण कुठी गेली?” धाकट्या सासूबाईंनी ओठांवर पुरणाचं बोट ठेवून त्यांना गप्प केलं. थोरल्या सासूबाईंनी खुंटीवरचं आपलं लुगडं काढून आत्याबाईंच्या पायांवर घातलं. आणि आम्ही सगळ्या जणी त्यांना ओलांडत, हळूहळू, सोळा भाज्यांचा स्वयंपाक उरकू लागलो.